रामलिंगच्या ओढ्याला लेकराबाळांसह: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पावसाळा निम्मा सरला की सोलापुरात एक प्रश्न फिरायला लागतो, "रामलिंगला पाणी आलंय का?" त्याच्या मागोमाग येणारे बाकीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सकाळी निघून संध्याकाळी घरी येणाऱ्या, सोबत लहान मुलं आणि आजी-आजोबा असणाऱ्या मंडळींसाठी हे आहे. पाठीवर तंबू टाकून निघणाऱ्यांना यात फारसं काही सापडणार नाही.

रामलिंग सोलापूर जिल्ह्यात येतं का?

नाही. ते धाराशिव जिल्ह्यात, येडशीजवळ आहे. पण बार्शी तालुका तिथून जवळ, त्यामुळे सोलापूरकर रामलिंगला आपलंच समजतात. बालाघाटाच्या डोंगररांगेत एक झाडीभरली दरी आहे. दरीच्या तळाला महादेवाचं मंदिर आणि मंदिराला लागूनच ओढा. हा सगळा भाग १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. आकडा लहान वाटतो, पण चहूबाजूला ज्वारी, सोयाबीन आणि उसाची रानं असताना एवढं सलग जंगल टिकलंय हेच खूप आहे.

तिथे चालायला काही आहे की नुसतं दर्शन?

दोन्ही आहे. वरून पायऱ्या उतरत मंदिराशी यायचं, दर्शन घ्यायचं आणि मग ओढ्याच्या काठाने रमतगमत जमेल तेवढं चालायचं. चढून पार करायचा सुळका नाही की "टॉप" गाठायचा नाही. पावसाळ्यात धबधबाही कोसळतो आणि बहुतेक लोक तो बघायलाच येतात. फोटो काढतात, भजी खातात, तासाभरात परत फिरतात. आमचं मत विचाराल तर धबधब्याला पाच-दहा मिनिटं द्या आणि उरलेला सगळा वेळ ओढ्याला द्या. सोलापूरच्या मुलांनी पाणी नळाचं, टँकरचं आणि तलावाचं पाहिलेलं असतं. झाडांच्या सावलीतून खडकांवरून वाहत जाणारं, घोट्याएवढं, तळ दिसणारं पाणी त्यांनी बहुधा पाहिलेलं नसतं.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. हे आंबोली नाही, माथेरान नाही. सह्याद्री डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल.

कोणत्या महिन्यात जावं?

जूनमध्ये जाऊ नका. पहिले पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते, ओढ्याला फारसं काही पोचत नाही. आपल्याकडचा पाऊस हा मुंबई-कोकणासारखा जुलैचा नाही. सोलापूर, धाराशिव या पट्ट्याला खरा हात देतो तो सप्टेंबरचा आणि परतीचा पाऊस. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात भरवशाचा. पाऊसमान चांगलं झालं असेल तर दिवाळीच्या सुट्टीतही धार असते.

नेमका दिवस निवडताना साधा हिशेब ठेवा. दणकून पाऊस झाला, त्यानंतर दोन-तीन दिवस उघडीप मिळाली, की निघायचं. गढूळपणा खाली बसलेला असतो, पाणी नितळ होतं आणि वाहतंही असतं. भर पावसात गेलात तर मुलांना काठावर उभं करून चहाच्या रंगाचं पाणी लांबून दाखवावं लागतं.

श्रावणी सोमवारी दर्शनाला मोठी गर्दी लोटते. देवासाठी जायचं असेल तर अवश्य जा, ओढ्यासाठी जायचं असेल तर दुसरा वार धरा. रविवारपेक्षा शनिवार बरा.

मार्च ते मेमध्ये पानगळ झालेली असते आणि ऊन चाळिशीपार जातं. त्या दिवसांत मुलांना घरीच आंबे खाऊ द्या.

पाणी अचानक वाढतं म्हणतात. ते आधी कसं कळेल?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, पण विचारतात थोडेच. दरीच्या वरच्या अंगाला पाऊस पडत असतो आणि खाली तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं. इथला खडक काळा बसाल्ट. तो पाणी फारसं मुरू देत नाही, आणि उतारावरची माती पातळ. वर पडलेलं पाणी म्हणून झपाट्याने ओढ्यात उतरतं.

खुणा अशा असतात: नितळ पाण्याला एकाएकी मातकट झाक येते. वाळकी पानं, काटक्या, फेसाचे पुंजके एकदम जास्त वाहून यायला लागतात. ज्या दगडावर बसून तुम्ही पाय सोडले होते त्याचा कोरडा भाग कमी होतो. पाण्याचा खळखळाट बदलून घुमल्यासारखा आवाज येतो. यातली एकही खूण दिसली तर बॅगा गोळा करत बसू नका. मुलांचा हात धरा आणि काठ सोडून उंच जागी चढा. चप्पल वाहून गेली तर जाऊ द्या.

मोठ्यांपैकी एकाने नेहमी वरच्या अंगाकडे तोंड करून बसायचं, अशी पद्धत घरात पाडून घ्या. त्याने मोबाईल बघायचा नाही. पाळीपाळीने अर्धा-अर्धा तास वाटून घेतला की कुणाची कुरकूर होत नाही. आणि ओढा ओलांडायचाच असेल तर आधी विचार करा की पाणी वाढलं तर परत कसं यायचं. उत्तर सुचलं नाही तर अलीकडेच थांबा. अलीकडचा काठही तितकाच चांगला आहे.

विजांचं म्हणाल, तर परतीच्या पावसात दुपारनंतर आभाळ भरून येतं. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर पडा, एकट्या-दुकट्या उंच झाडाखाली थांबू नका. मंदिराच्या पक्क्या बांधकामात नाहीतर गाडीत जाऊन बसा. एकूणच दुपारी तीनच्या आत ओढा सोडायचा बेत ठेवलेला बरा.

सोलापुरातून कसं जायचं?

तुळजापूर, धाराशिव, येडशी असा सरळ धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, पूर्वीचा २११ आणि आताचा ५२. चौपदरी आहे. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर धरा, वेळ पावणेदोन ते दोन तास. दुसरा रस्ता वैराग-बार्शीवरून येडशीला येतो. बार्शीत पाहुणे असतील तर तो धरा, नाहीतर महामार्गच सोयीचा.

एसटीने जाणाऱ्यांनी सोलापूर स्थानकातून धाराशिवमार्गे बीड, छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाड्या बघाव्यात. येडशीला थांबा आहे का ते कंडक्टरला चढतानाच विचारून घ्या. गावातून पुढचा टप्पा रिक्षाने. सवलती जमेस धरल्या तर कुटुंबाचं तिकीट अगदी हलकं होतं: महिलांना अर्धं तिकीट, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, पंच्याहत्तरीपुढे मोफत, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. म्हणजे आई, आजी, आजोबा आणि दोन पोरं अशी पलटण निघाली तर पूर्ण तिकीट कुणालाच नाही. फक्त परतीची शेवटची सोयीची गाडी कधी आहे ते सकाळीच विचारून ठेवा.

रेल्वेने जाता येतं का?

येडशीला स्टेशन आहे, कुर्डुवाडी-लातूर मार्गावर. पण सोलापूरहून आधी कुर्डुवाडीला जायचं, तिथे गाडी बदलायची, असा वळसा पडतो. लहान मुलं घेऊन एका दिवसात हे जमवण्याच्या भानगडीत पडू नका.

मार्ग मात्र मोठा इतिहासाचा आहे. हीच ती "बार्शी लाईट". एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर ती उभी केली. १८९७ साली आधी बार्शीपर्यंत गाडी आली, मग १९११ पर्यंत रूळ लातूरला भिडले. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि २००८ च्या सुमारास सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. घाटात ती इतकी हळू चालायची की उतरून, शेंगा घेऊन परत चढता यायचं, असं जुनी माणसं सांगतात. आजोबा सोबत असतील तर हा विषय काढाच. जातानाचे दोन तास कसे जातील कळणार नाही.

गुडघेदुखी असलेल्या आजींना झेपेल का? आणि अगदी लहान बाळाला?

आजींना पायऱ्या उतरताना त्रास जास्त होतो, चढताना दम लागतो. काठी द्या, घाई करू नका, आणि मंदिरापर्यंतच यायचं असं आधी ठरवून टाका. तिथे बसूनही पाण्याचा आवाज ऐकू येतो, माणसांची जाग असते. ओढ्याच्या दगडांवर त्यांना नेऊ नका. "एवढं आलोय तर तिथपर्यंत चला की आई" हा आग्रह महागात पडतो.

तान्ह्या बाळाचं थोडं वेगळं. कडेवर घेतलं की एक हात अडकतो आणि आपल्याच पायाखालचं दिसेनासं होतं. ओल्या खडकावर हे धोक्याचं. पाठीला किंवा पोटाला बांधायची झोळी असेल तर पायऱ्या उतरा, पण ओढ्यात शिरू नका. आमच्या मते चार-पाच वर्षांचं, स्वतःच्या पायाने कुरकुर न करता तासभर चालणारं मूल हे यासाठी योग्य वय. सराव हवा असेल तर सोलापुरातच विजापूर रस्त्याला सिद्धेश्वर वनविहार आहे, संभाजी तलावाशेजारी स्मृती उद्यान आहे. तिथे एखाद्या सकाळी फिरवून आणा. किती वेळाने "उचलून घे" सुरू होतं ते कळेल.

मुलं तिथे करणार काय? खेळणी, झोके काही आहेत का?

ओढा असताना झोके कशाला? पहिली दहा मिनिटं पोरं पाणी उडवतील. उडवू द्या. मग त्यांना एखाद्या संथ, उथळ डोहाशी उकिडवं बसवा. पाण्यावर लांब पायांचे किडे सरसर पळताना दिसतील. किड्याकडे बघू नका, डोहाच्या तळाकडे बघा. ऊन असेल तर तळावर त्याची सावली पडते आणि त्या सावलीत पायांच्या टोकाशी मोठे गोल ठिपके असतात, खऱ्या पायांपेक्षा कितीतरी जाड. किड्याचा पाय पाण्याच्या पृष्ठभागाला हलकासा दाबतो, तिथे खळगी पडते आणि त्या खळगीची ही सावली. सहावी-सातवीच्या पोराला "पृष्ठताण" पुस्तकातून पाठ करावा लागतो, इथे तो डोळ्यांसमोर पळत असतो.

हाताएवढा दगड हळूच उचलून बघा. खाली खेकडा असेल तर तो आधी नांग्या उगारेल, मग तिरका पळेल. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच खळग्यात ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी घर आहे. शेपटीवाली बेडकाची पिल्लं, लाल आणि निळे चतुर, काठावरच्या चिखलात उमटलेले पक्ष्यांचे पाय, हे सगळं मिळतं. चिखलातला ठसा ओळखता आला नाही तरी चालेल, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे मोजमाप राहतं.

खडक नीट बघितला तर काळ्या दगडात बारीक भोकं आणि मधूनच पांढरे चकाकणारे खडे दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला इथे लाव्हारस पसरला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. पुढे त्या पोकळ्यांमध्ये खनिजांचे स्फटिक तयार झाले. खडे उकरून खिशात घालायचे नाहीत, हे मात्र मुलांना आणि मुलांच्या बाबांना आधीच सांगा.

झाडं ओळखायचा नाद असेल तर पळस, बेल, आपटा, धावडा, सीताफळ यांपासून सुरुवात करा. दसऱ्याला जे "सोनं" म्हणून वाटतो ते पान आपट्याचं कसं असतं, हे झाडावर बघायला मिळालं की मुलं बाजारातल्या पानांकडे संशयाने बघायला लागतात.

जटायूची गोष्ट काय आहे?

सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने इथे अडवलं, घायाळ होऊन तो पडला. तहानलेल्या जटायूसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं आणि इथे शिवलिंग स्थापलं, म्हणून रामलिंग, अशी इथली आख्यायिका. जटायूची समाधी म्हणून एक जागाही दाखवतात. नाशिक परिसरात आणि दक्षिणेतही अशाच कथा सांगणारी ठिकाणं आहेत. मुलांसमोर त्यावरून वाद घालू नका, गोष्ट रंगवून सांगा.

तिथे वाघ आहे म्हणे. खरं का?

अफवा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वन विभागाच्या ट्रॅप कॅमेऱ्यात या अभयारण्यात वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून तो शेकडो किलोमीटर चालत इथवर आला. पुढे बार्शी तालुक्यातही त्याने जनावरं मारली आणि त्याला पकडण्यासाठी पथकंही आली. बिबट्याचा वावर या पट्ट्यात आहेच. शिवाय तरस, कोल्हा, रानडुक्कर, मोर.

मग जायचं की नाही? निघण्याच्या आदल्या दिवशी प्रवेश सुरू आहे का, काही भाग बंद ठेवलाय का, याची चौकशी करा. वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाईन क्रमांक आहे. प्रवेश बंद असेल तर बेत बदला, "काही होत नाही हो" म्हणत आडवाटेने शिरू नका. सुरू असेल तर दिवसाउजेडी, माणसांची वर्दळ असलेल्या भागातच राहा, मुलांना पुढे पळू देऊ नका आणि लघुशंकेला एकट्याने झाडीत पाठवू नका. वाघाला माणसाच्या गोंगाटाची हौस नसते, पण म्हणून आपण त्याच्या घरात मोकाट फिरावं असं होत नाही.

माकडांचं काय?

वाघापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा, कारण माकडं हमखास भेटणार. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की त्यांच्या लेखी ती त्यांचीच. नारळ, प्रसाद, केळी, पाण्याची बाटली, सगळं चेन असलेल्या बॅगेत ठेवा. डोळ्यांत डोळे घालून बघू नका, दात दाखवून हसू नका, त्यांना ती धमकी वाटते. हिसकावलं तर सोडून द्या. ओढाताणीत चावा बसला किंवा नखं लागली तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा.

खायला घालू नका. पुण्य लागत नाही, पुढच्या माणसाची पिशवी तेवढी जाते.

साप-विंचू?

पावसाळ्यात असणारच. झाडीत, दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही. ओढ्यातला दगड उलटायचा तो आपल्यापासून दूर, म्हणजे उघडी बाजू समोर राहील असा, आणि मोठ्या माणसानेच. काठावरचा सुका दगड उचलायचाच नाही. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, १०८ ला फोन करा आणि धाराशिव किंवा बार्शीचं रुग्णालय गाठा. सापाचा फोटो काढायला त्याच्यामागे जाऊ नका.

डबा काय न्यावा? तिथे खायला मिळतं का?

चहा-भजीच्या टपऱ्या गर्दीच्या दिवसांत लागतात, त्यांच्या भरवशावर मुलांना उपाशी ठेवू नका. आपल्याकडे प्रवासाचा डबा आयताच आहे: धपाटे, शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही, कांदा. कडक भाकरी दिवसभर टिकते, पिशवीत दबली तरी बिघडत नाही, आणि माकडाने नेली तरी बिस्किटाच्या पुड्याइतकी हळहळ वाटत नाही. पाणी माणशी दोन लिटर घरून न्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं नाही, वरच्या अंगाला जनावरं उतरतात.

चूल मांडायची नाही, अभयारण्यात जाळ करायला बंदी आहे. साबण, शाम्पू ओढ्यात नाही. आणलेला कचरा परत न्यायचा, त्यात डायपरही आले.

पायात काय घालावं?

खाचा असलेल्या रबरी तळव्याचे कॅनव्हास बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल. गुळगुळीत तळव्याच्या चपला शेवाळावर दगा देतात. एक सुका कपड्यांचा जोड प्रत्येकाचा वेगळ्या पिशवीत.

पोहता येईल का?

नाही. डोहाची खोली वरून कळत नाही. धबधब्याखालीही उभं राहू नका, वरून दगड येतात. रीलसाठी तर मुळीच नाही.

त्यापेक्षा नळदुर्ग बरं ना? जवळही आहे.

जवळ आहे खरं. हैदराबाद रस्त्याला तासाभरात पोचता. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल, बंधारा भरून वाहायला लागला की पडणारे नर-मादी धबधबे, सगळं डोळे दिपवणारं. पण ते बघायचं ठिकाण आहे, कठड्याशी उभं राहून. मुलाला पाण्यात पाय बुडवायचे असतील तर रामलिंग. पाहुण्यांना सोलापूरचा परिसर दाखवायचा असेल तर नळदुर्ग.

येताना तुळजापूर होईल का?

रस्त्यातच आहे, त्यामुळे मोह होतो. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र सोडून बाकी दिवशी जमू शकतं, पण दमलेली, ओली पोरं रांगेत उभी करणं कुणाच्याच सुखाचं नाही. दर्शन घ्यायचंच असेल तर जाताना सकाळी लवकर घ्या आणि ओढ्याला दहा-साडेदहापर्यंत पोचा. येताना चहापुरतं थांबा आणि सरळ सोलापूर गाठा.